दोन स्क्रू, तीन दात

बस डेपोत तिला सगळे भोंगाताई म्हणत. तेवीस वर्षं ती काचेच्या एका खोलीत बसून गाड्या पुकारत होती. भोंगे जुने, निम्मे किरकिरणारे, पण तिचा आवाज त्यांतूनही स्वच्छ यायचा. ताईंनी नंबर पुकारला की गाडी आपोआप फलाटाला लागते, असं ड्रायव्हर चेष्टेत म्हणत, आणि ते ऐकून ती खोटं खोटं रागवायची.

एका सकाळी नुकत्याच पुसलेल्या पायरीवरून तिचा पाय सटकला आणि तोंड लोखंडी कठड्यावर आदळलं. वरचे समोरचे तीन दात गेले. एक तिथेच पडला. उरलेले दोन मुळापासून हलले होते, ते दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी काढले.

जखम भरल्यावर ती पुन्हा दवाखान्यात गेली. मुलगा ऑफिसातून रजा काढून सोबत आला होता. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर प्लास्टरचा जबडा ठेवला.

"तीन मार्ग आहेत," त्या म्हणाल्या. "एक, काढता-घालता येणारी कवळी. दोन आठवड्यांत तयार. दुसरा ब्रिज. म्हणजे शेजारचे दोन्हीकडचे दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्या आधारावर मधले बसवायचे. तिसरा इम्प्लांट. हाडात दोन स्क्रू बसवायचे, हाड त्यांना धरेपर्यंत चार-पाच महिने थांबायचं, मग त्यांच्यावर तीन दात."

"कवळीच करा," मुलगा लगेच म्हणाला. "या वयात कशाला चिरफाड?"

भोंगाताईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "दात कुणाचे गेले?"

खरं तर ऐकू आलं ते 'आत कुणाचे गेले' असंच काहीतरी. दात हा शब्द म्हणायलाही दात लागतात, हे तिला त्या आठवड्यात नव्यानेच कळलं होतं.

"तुझे," मुलगा म्हणाला.

"मग मला बोलू दे." ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "ब्रिजसाठी कुठले दात घासणार?"

"उजवीकडचा हा, आणि डावीकडचा सुळा."

"त्यांना काय झालंय?"

"काहीच नाही. ठणठणीत आहेत."

"मग त्यांनी काय गुन्हा केलाय? पडले मी आणि शिक्षा त्यांना? ब्रिज राहू दे. कवळी लावून मला गाड्या पुकारता येतील?"

"सवयीने येतं बऱ्याच जणांना. पण टाळूला पट्टी चिकटलेली असते, त्यामुळे सुरुवातीला बोलणं जड होतं."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात उभं केलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि सहा वर्षं कवळी वापरत होता. "म्हण, फलाट क्रमांक सात, सकाळची जलद गाडी."

त्याने म्हटलं. तोंडात घास धरून बोलल्यासारखं वाटलं. तिने पुन्हा म्हणायला लावलं, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने. शेवटी तो वैतागून खुर्चीत बसला.

"मला चालतं," तो म्हणाला. "घड्याळांशी काही बोलावं लागत नाही. तू तुझं बघ. माझ्या तोंडावरून तुझं ठरवू नकोस."

संध्याकाळी मुलाने पुन्हा विषय काढला. खर्च, ऑपरेशन, एवढे महिने. "आणि तीन वर्षांत तू निवृत्तच होणार आहेस, आई!"

"नोकरीतून निवृत्त होईन. तोंडातून नाही. पैसे माझ्या पगारातले, तोंड माझं. तू काळजी करतोस ते कळतं मला, पण माझा निकाल लावून टाकू नकोस."

त्याने विषय सोडला. पटल्यामुळे नव्हे, तिच्यापुढे हात टेकल्यामुळे.

तपासणीत हाड पुरेसं निघालं, साखरही ताब्यात होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "शंभर टक्के हमी मी देत नाही. कधीकधी हाड स्क्रू धरत नाही." भोंगाताईने संमतीचा कागद शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. स्क्रू बसले. मधल्या काळासाठी तिला एक तात्पुरती पट्टी मिळाली, नकली दात लावलेली. ती लावून तिने कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी एकच गाडी पुकारली, स्वतःचाच आवाज भोंग्यातून ऐकला, पट्टी काढून डबीत घातली आणि पुढची गाडी तशीच, खिंडारातून पुकारली.

बाहेर दोन कॉलेजच्या मुली खुदकन हसल्या. भोंगाताईची कानशिलं तापली. तिने काचेतून त्यांच्याकडे बघितलं आणि तीच गाडी पुन्हा पुकारली, यावेळी सावकाश, एकेक अक्षर जिभेवर तोलत.

चौथ्या दिवशी डेपो मॅनेजर खोलीत आले. माणूस वाईट नव्हता, पण वरून कुणी काही विचारेल या धास्तीत जगायचा.

"ताई, राग मानू नका. दात येईपर्यंत तुम्ही पासच्या खिडकीवर बसा. आपण रेकॉर्ड केलेलं लावू. लोकांना कळायला हवं ना."

"लोकांना कळत नाही, असं कोण म्हणालं?"

"असं कुणी म्हणालं नाही, पण..."

"चला, विचारू."

ते 'अहो, अहो' करेपर्यंत ती प्रतीक्षागृहाच्या मधोमध जाऊन उभी होती. माइक नाही, काच नाही. शंभरेक माणसं, पिशव्या, रडणारं एक मूल. तोंड उघडलं की खिंडार सगळ्यांना दिसणार होतं. तरी तिने पाय मागे घेतला नाही.

"मी गाड्या पुकारते," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "माझे तीन दात पडलेत. गेल्या चार दिवसांत माझं बोलणं कळलं नाही म्हणून कुणाची गाडी चुकली असेल, तर हात वर करा."

कुणी हलेना. मग कोपऱ्यातून एक म्हातारेबुवा हात वर करून उठले. मॅनेजरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"मला कळत नाही," म्हातारेबुवा ओरडले. "पण मला तुमचे दात होते तेव्हाही कळत नव्हतं. मला ऐकूच कमी येतं!"

सगळं प्रतीक्षागृह हसलं. भोंगाताईही हसली, अगदी खिंडार दाखवून. मॅनेजर मान हलवत ऑफिसात गेले आणि पासच्या खिडकीचं नाव पुन्हा निघालं नाही. म्हातारेबुवांना त्या दिवशी तिने स्वतः हाताला धरून गाडीत बसवलं.

तिसऱ्या महिन्यात डावा स्क्रू हलायला लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि तो काढावाच लागेल असं सांगितलं. हाड भरायला थांबायचं, मग नवा बसवायचा, म्हणजे आणखी सहा-सात महिने. त्या दिवशी ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नवरा चहा आणून ठेवून शेजारी बसून राहिला.

मुलगा फोनवर म्हणाला, "मी सांगितलं होतं ना! आता तरी कवळी कर."

ती उठून बसली. "एकाने माघार घेतली, दुसरा घट्ट पाय रोवून बसलाय. मी त्या दुसऱ्याच्या बाजूची आहे."

नवा स्क्रू बसला, आणि हाडाने तो धरला. वर्ष संपत आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दातांच्या रंगांची पट्टी तिच्या ओठाशी धरली. "थोडे पांढरे घेऊ का? दहा वर्षांनी तरुण दिसाल."

"नको. ती दहा वर्षं मी काय झोपून काढली का? शेजारचे आहेत तसेच करा. मधला जरासा तिरका होता, तोही तिरकाच राहू दे."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, पण केला तिरका.

दात बसले त्या दुपारी मुलाचा मेसेज आला, फोटो पाठव. तिने डेपोतल्या काचेच्या खोलीतूनच काढून पाठवला, तोंड एवढं उघडून की हिरड्याही दिसाव्यात.

'हसतेयस की भांडतेयस?' त्याने विचारलं.

'दोन्ही,' तिने लिहिलं आणि माइक पुढे ओढला. चार नंबरवर गाडी लागत होती.