तेलाची वाटी

केसरबाईच्या दारात कोणी वाटी घेऊन उभं राहिल्याला सहा वर्षं झाली होती. नवरा होता तोवर बाया यायच्या. कोणी विरजण मागायला, कोणी विस्तव, कोणी चिमूटभर हिंग. तो गेला आणि बाईच्या जिभेला धार आली. धार आधीपासूनच होती, नवरा ती सांभाळून घेत होता, असंही गाव म्हणायचं. काही असो, बायांनी हळूहळू दुसरी दारं धरली. आणि त्या सोमवारी दुपार कलताना शेजारचा इंद्रभान दारात येऊन उभा राहिला तो हातात रिकामी वाटी घेऊन.

"काकी, तेल द्या थोडं. अन् तिखट."

"काऊन रे? तुह्या घरचं सरलं का?"

"आमच्या कोकिळाले कुत्रं चावलं, पोटरीले. तुमच्या खंड्यानं."

आता इथं त्या भागातली रीत सांगायला हवी. कुत्रं चावलं की जखमेत तेल-तिखट भरायचं, आणि तेही ज्याचं कुत्रं त्याच्याच घरचं. दुसऱ्या कोणाच्या तेलाला गुण नाही. गुण येतो की नाही देव जाणे, जखमेची आग मात्र कोकिळासारख्या सहा वर्षांच्या पोरीला ब्रह्मांड आठवायला लावते. पण रीतीत एक मेख होती. ज्यानं तेल दिलं त्यानं कबूल केलं, की चावलं ते आपल्याच कुत्र्यानं. मग पुढं जे होईल ते त्याच्या माथी.

केसरबाईला ही मेख चांगली ठाऊक होती. तिचा हात तेलाच्या बुधलीकडे गेलाही होता. तो तिनं मागं घेतला.

"माह्या कुत्र्यानं चावलं हे कोनं पाह्यलं?"

"पोरगी सांगते ना."

"पोरगी कुत्रं म्हनते. गावात कुत्रे काय कमी हायेत? बजाराच्या वाटेवर झुंड पडली असते सारी."

"काकी, दोनदा सांगितलं होतं तुमाले, कुत्र्याले बांधत जा म्हनून."

"बांधलं तं राखन कोन करील, तू?"

इंद्रभान एवढंसं तोंड करून परत गेला. वाटी रिकामीच. सहा वर्षांनी कोणीतरी काही मागायला आलं होतं आणि बाईनं त्याला हात हलवत पाठवलं. तिचं तिलाच वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून जीभ माघार घेईल तर ती केसरबाईची जीभ कसली.

मग ती मागच्या अंगणात गेली. खंड्या गोठ्याच्या भिंतीला अंग लावून बसला होता. गोठ्यात गुरं नव्हती, पुतण्यानं शेत बटाईनं, निम्म्या वाट्यानं, केलं तेव्हा बैलही नेले होते. घरात जिवंत म्हणावं असं हे एक कुत्रं. केसरबाई त्याच्याशी बोलायची. काय केलं, काय करायचं, भाकर करपली, गुडघा दुखतो, सगळं. बाई खुळी झाली, असं लोक म्हणत. म्हणेनात का. चार भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं.

ह्या घराकडे फिरकणारी एकटी कोकिळाच. इंद्रभानची ही पोर रोज कुंपणातून वाकून यायची, मूठभर शेंगा घ्यायची, खंड्याचा कान ओढायची आणि पसार व्हायची. पोर आली की केसरबाईचा दिवस उजाडायचा.

खंड्यानं मालकिणीला पाहून शेपटी हलवली नाही. पुढच्या पायांखाली काहीतरी दाबून धरलं होतं. केसरबाईनं वाकून ओढून काढलं. हिरव्या परकराचा टीचभर तुकडा होता, पिवळ्या काठाचा. तो परकर तिनंच दिवाळीत आपल्या जुन्या लुगड्यातून कोकिळाला शिवून दिला होता. शेजारी भाकरीचा अर्धा कुटका पडला होता, मातीत मळलेला. पोर कान सोडून भाकर ओढायला गेली असणार.

केसरबाईनं तुकड्यावरची माती झटकली. "मेल्या," एवढंच ती म्हणाली. तुकडा तिनं घरात नेऊन कणगीमागं खोचला.

खरं बोलायची वेळ तीच होती. तेलाची बुधली उचलायची, कुंपणापलीकडे जायचं, बस. पण तोवर पारावर माणसं जमली होती आणि शब्द कानावर येत होते. "सकाळी काठ्या घ्या बे. आज पोरीले चावलं, उद्या कोनाले चावंल." तेल देणं म्हणजे खंड्याला काठ्यांच्या हवाली करणं. मग ह्या घरात कोणाशी बोलायचं?

दिवस मावळायच्या आत ती खंड्याला दोरी बांधून मागच्या वाटेनं निघाली. गावाबाहेर अर्ध्या कोसावर एका वावरात खतासाठी धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या. धनगर कडूबा ओळखीचा होता. धनगराला कुत्रं नको असं कधी झालंय? त्यानं दोरी हातात घेतली.

"चावते का?"

"नाही," केसरबाई म्हणाली. दिवसातलं दुसरं खोटं.

सकाळी लाठ्या आल्या तेव्हा तिनं कपाळाला हात लावून सांगितलं, "पळालं रातीच." हे तिसरं. एक खोटं बोललं की त्याला पिल्लं होतात ती अशी.

त्या दिवशी इंद्रभाननं पोरीला खांद्यावर घेऊन सात विहिरींत डोकावून दाखवलं. हीही रीतच. गावात विहिरी पाचच, उरलेल्या दोन शेजारच्या गावात. तिथून साखरखेर्डा जवळ पडतो म्हणून, आणि बायको रुखमाबाई रडून रडून मागं लागली म्हणून, तो पोरीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. महाराष्ट्र राज्य होऊन तिसरं वर्ष होतं, दवाखान्याची भिंत अजून कोरी होती आणि डॉक्टर त्याहून कोरा. त्यानं जखमेतलं तिखट धुऊन काढलं. ते रुखमाबाईनं घरचंच भरलं होतं. मग त्यानं विचारलं ते वेगळंच, कुत्रं कुठं आहे?

संध्याकाळी इंद्रभान पुन्हा केसरबाईच्या दारात आला. ह्या वेळी हातात वाटी नव्हती, आवाजात रागही नव्हता. रागावलेला इंद्रभान तिला परवडला असता.

"काकी, कुत्रं सापडलं का हो?"

"कायले? मारायले?"

"नाही हो. डॉक्टर म्हनते कुत्र्याले मारू नका, बांधून ठेवा. दहा दिवस ते धडधाकट राह्यलं तं पोरीले काई भेव नाही. कुत्रंच नसंल तं पिसाळलेलं समजाव लागते. मंग चौदा सुया. रोज एक, पोटात." त्यानं बेंबीभोवती बोट फिरवून दाखवलं. "बुलढान्याहून औषध येनार हाय. तुमचं कुत्रं सापडलं असतं तं..."

केसरबाईनं तोंड उघडलं. कडूबाचं नाव अगदी ओठांवर आलं. पण ते सांगायचं तर सकाळचं खोटं सांगावं लागत होतं, आणि त्याच्या आधीचं, आणि काल परत पाठवलेली रिकामी वाटी.

"नाही सापडलं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पहिली सुई झाली. दीड कोस बापाच्या खांद्यावर जायचं, दीड कोस यायचं. चौथ्या दिवशी पोरगी जातानाच रडत गेली. पाचव्या दिवशी ती रडलीही नाही, आणि ते केसरबाईला फार वाईट दिसलं. कुंपणातून तिनं पाहिलं, कोकिळा ओट्यावर बसली होती, परकराची नाडी सैल सोडलेली, दोन्ही हात पोटावर. केसरबाईनं मुठीत शेंगा घेऊन हाक मारली. पोरीनं मान वर केली, कुंपणाकडे पाहिलं, आणि उठून हळूहळू आत गेली.

घरात येऊन केसरबाईनं भाकर थापली. एक आपली, एक खंड्याची, सवयीनं. दोन्ही तशाच राहिल्या. आपण कुत्रं वाचवायला गेलो आणि लेकराच्या पोटात सुया भरल्या, हे तिला आता कोणी सांगायची गरज नव्हती. आणि सांगायला होतंच कोण?

तिनं कणगीमागचा तुकडा काढून पदरात बांधला आणि निघाली.

वावरात मेंढ्या नव्हत्या, नुसत्या लेंड्या. कडूबाचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, देऊळगाव राजाच्या बाजूला सरकला होता. बाई मोटारीनं गेली, वाटेत उतरली, ह्याला विचार त्याला विचार करत उन्हं उतरताना वाड्याशी पोचली. मनात एकच धाकधूक होती. खंड्या मेलेला असला तर? मग तो पिसाळलेलाच होता, आणि चौदाच्या चौदा सुया पोरीला घ्याव्याच लागणार. येताना तिनं देवाकडे कुत्र्याचं आयुष्य मागितलं. ह्या खेपेला ते स्वतःसाठी नव्हतं.

खंड्यानं तिला लांबूनच ओळखलं आणि दोरीसकट अंगावर झेप घेतली. केसरबाई त्याच्या मानेत तोंड खुपसून रडली. कडूबानं रीतसर दुसरीकडं पाहिलं.

रात्री ती वाड्यावरच निजली. पहाटे मोटार आली, पण कंडक्टरनं कुत्र्याला पायरीवरही येऊ दिलं नाही. मग ती चालली. साठीची बाई, दुखरा गुडघा आणि हातात कुत्र्याची दोरी, असे चार कोस. साखरखेर्ड्याच्या दवाखान्यात पोचली तेव्हा चौथी सुई पाण्यात उकळत होती.

इंद्रभान उठून उभा राहिला. रुखमाबाईनं पोरीला कुशीत ओढलं. डॉक्टरनं दाराबाहेर बांधलेल्या खंड्याला निरखलं, पाण्याचं भांडं पुढं ठेवायला लावलं. खंड्या लपलप प्यायला.

"कुत्रं तर ठणठणीत दिसतंय," डॉक्टर म्हणाला. "पण आजी, ह्यांनी सांगितलं, तुमच्या कुत्र्यानं चावलंच नाही असं तुम्ही म्हणत होता. दुसऱ्या कुत्र्यानं चावलं असेल तर हे पाहून काय उपयोग? मला सुया थांबवता येणार नाहीत."

म्हणजे अजूनही पळवाट होती. "मले काय ठाऊक" म्हटलं की आपण सुटलो. सुया चालू राहतील, इतकंच. केसरबाईनं पदराची गाठ सोडली. थकलेल्या बोटांना ती लवकर सुटेना. हिरवा तुकडा तिनं टेबलावर ठेवला.

"यानंच चावलं. याच्या पायाखाली सापडलं हे."

रुखमाबाईनं काठ ओळखला.

"कवा सापडलं?" इंद्रभाननं विचारलं.

"त्याच दिशी. तू वाटी घिऊन आला होता, त्याच्या मांगून."

"म्हंजे तुमाले ठाऊक होतं?"

"हाव."

इंद्रभाननं तुकडा उचलला, उलटासुलटा केला आणि परत टेबलावर ठेवला. पोरीचं झंपर रुखमाबाईनं खाली ओढून सारखं केलं, फुगलेलं पोट झाकलं आणि तिला उचलून बाहेर गेली. शिव्या दिल्या असत्या तर केसरबाईला बरं वाटलं असतं.

डॉक्टरनं सुया थांबवल्या. दहा दिवस भरायला चार उरले होते. कुत्रं केसरबाईच्या अंगणात साखळीनं बांधायचं आणि ते खातं-पितं का, हे पोरीच्या घरच्यांनी रोज डोळ्यांनी पाहायचं, असं त्यानं बजावलं. काठ्यांना पारावरच थांबावं लागलं. ज्याला मारायचं त्याच्याच जिवावर पोर अवलंबून, अशी गत.

सातव्या दिवशी सकाळी रुखमाबाई आली. दारातूनच पाहिलं, खंड्यानं भाकर खाल्ली, ती गेली. आठव्या दिवशी अंगणात आली. नवव्या दिवशी केसरबाईनं गोणपाट टाकलं, तर त्याच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "रातीच्यानं झोपली बरी." दहाव्या दिवशी खंड्यानं भाकर खाऊन शेपटी हलवली, तेव्हा रुखमाबाईनं डोळे पुसले. "झाले दहा," ती म्हणाली. गोणपाटावर बराच वेळ बसली. जाताना एवढंच बोलली, "आता सोडू नका त्याले, काकी."

"नाही सोडत."

अकराव्या दिवशी केसरबाई लवकर उठली. अंगण झाडलं, गोणपाट टाकलं. भाकर हातात धरून बसली. खंड्यालाही सवय झाली होती, तो दाराकडे पाहत राहिला. ऊन अंगणात आलं, भिंतीवर चढलं. मग तिच्या ध्यानात आलं, आता कोणी कशाला येईल? पाहायला यावं असं आता इथं काही उरलं नव्हतं. कुत्रं नीट, पोर नीट. तिनं हेच तर मागितलं होतं. भाकर तिनं खंड्यापुढं टाकली आणि गोणपाट गुंडाळून ठेवलं.

दुपारी मात्र तिनं बुधली काढली. माहेरच्या पितळी वाटीत तेल ओतलं, पानावर तिखट घेतलं आणि कुंपणाला वळसा घालून, सहा वर्षांत पहिल्यांदा, इंद्रभानच्या दारात जाऊन उभी राहिली.

"रुखमा, हे घे."

रुखमाबाईनं वाटीत पाहिलं. "आता कायले, काकी? जखम तं भरली."

"भरली तं भरली. मांगितलं होतं तुमी. माह्या घरचं हाय."

आत कोकिळा जात्याशी खेळत होती. तिनं एकदा केसरबाईकडे पाहिलं, मग दाराबाहेर, तिच्या मागं कुत्रं आहे का ते. रुखमाबाई थोडी घुटमळली आणि तिनं वाटी घेतली. "थांबा, रिकामी करून देतो."

"राहू दे. दिजो मंग," केसरबाई म्हणाली आणि वळली.

शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. काही ना काही घालूनच द्यायची, आणि त्यासाठी कोणाला तरी यावं लागतं. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही. केसरबाईनं खंड्याची साखळी एकदा ओढून पाहिली, घट्ट होती. मग दार नुसतं लोटलं, कडी लावली नाही. आज नाही तर उद्या, उद्या नाही तर पोळ्याला. वाटी पितळेची होती, आतून तिचं नाव कोरलेली. कोणी ठेवून घेणार नाही, एवढं तिला माहीत होतं.