भवानीचा भाव

"आजी, पंधराला द्या ना. मी आज पहिली आहे ना? मग तुम्हाला नाही म्हणता येत नाही."

आठ वर्षांची पोर. मी अजून पिनांचे डबे मांडत होते, चिकपेटच्या बाजारातली निम्मी दुकानं उघडायची होती, आणि ही माझ्यासमोर उभी राहून मला माझाच नियम शिकवत होती! हातात तीस रुपयांचा क्लिपांचा जोड. मागे तिच्याच वयाची सात पोरं, सगळ्यांच्या अंगात पिवळे टी-शर्ट, आणि सोबत त्यांचे प्रणीत सर. व्हाइटफील्डच्या कुठल्याशा सोसायटीतली मराठी घरांतली पोरं. पैसा कसा कमवायचा, धंदा कसा करायचा, याचा म्हणे त्यांचा दर शनिवारी क्लास असतो. अहो, दुधाचे दात पडायच्या वयात धंदा!

सव्वीस वर्षं मी या फूटपाथवर बसते. निपाणीहून आले तेव्हा कन्नडही धड येत नव्हतं. क्लिपा, पिना, साडीचे फॉल, एवढाच माल. गिऱ्हाईक बघून भाव वाढवायचा नाही, कुणी घासाघीस केली म्हणून उतरवायचाही नाही. भागू अक्काकडे भाव करू नका, असं गल्लीतले दुकानदारच बायकांना सांगतात. फक्त भवानीचं तेवढं वेगळं. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, मग पदरचे गेले तरी चालतील.

"घे बाळ," म्हटलं. पंधरा रुपये कपाळाला लावले आणि पिशवीत टाकले.

सर लगेच पोरांकडे वळला. "बघितलंत? ईरानं कसं जमवलं? पहिला कस्टमर परत गेला तर दिवस वाईट जातो, असं यांना वाटतं. म्हणून आपण लवकर आलो. समोरच्याचा वीक पॉइंट शोधायचा, मग डील करायचं."

माझ्या तोंडावर म्हणाला हो! आला तेव्हा "मावशी, तुम्ही मराठी? वा!" म्हणाला होता आणि मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात बाकीची सात पोरं पुढे सरकली. सगळ्यांनाच पंधराला हवं.

"न्हाई रे बाळांनो. आता तीस."

"असं कसं मावशी?" सर हसत म्हणाला. "तिला पंधराला दिलंत, म्हणजे परवडतं तुम्हाला. मुलांनो, लक्षात ठेवा, हे लोक नेहमी डबल सांगतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोण डबल सांगतंय? अवो, चोवीसला आणते मी ह्यो जोड! तिला दिला, कारण ती भवानी हुती. सव्वीस वर्षांत कुणी मला लबाड म्हटलं न्हाई, आन् तुमी पोरांम्होरं म्हणताय?"

"चिडू नका हो. मुलं शिकतायत."

"काय शिकत्यात?"

ईरानं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे आजी, तुमचे नऊ रुपये गेले? माझ्यामुळे?" आणि क्लिपा माझ्यापुढे धरल्या. "मग परत घ्या."

"भवानीचा माल परत घेत न्हाईत गं. तुझ्या केसाला लाव."

"सर, आजींना नऊ रुपये देऊया ना?"

"ईरा, डील इज डील," सर म्हणाला. खिशातून सोनेरी स्टिकर काढून त्यानं तिच्या टी-शर्टवर चिकटवलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. पोरांनी वाजवल्या. ती मात्र क्लिपा तशाच मुठीत धरून रडवेल्या तोंडानं उभी होती. मग रांग वळली आणि पुढच्या दुकानाकडे गेली.

थोड्या वेळानं कावेरी आली. टेलरकाम करते, दहा-बारा वर्षांचं गिऱ्हाईक, आजवर एकदाही भाव केला नाही.

"अक्का, हा क्लिपांचा जोड केवढ्याला?"

"तीस," मी म्हटलं. "चोवीसला आणते गं मी. आईशप्पत, चोवीसला."

कितीला आणते, ते तिनं विचारलंही नव्हतं.