पास झालेली बाहुली

मी पास झालेली बाहुली बोलतेय. हसू नका! तुमच्या पोरांना परीक्षेत कोणी डोळ्याला वजन बांधून टांगत नाही. मला टांगलं होतं. तेव्हा जरा ऐकून घ्या.

मला ताईने शिवलं. ताई म्हणजे शनिवारच्या बाजारात कापडी बाहुल्या विकणारी बाई. लहानथोर सगळे तिला ताईच म्हणतात. पडद्याच्या उरल्यासुरल्या कापडाचं माझं अंग, आत कापूस, आणि डोळ्यांच्या जागी काळी बटणं. एका डोळ्याला दहा टाके आणि मागून गाठ, हा तिचा शिरस्ता. दिवसाला जेमतेम दोन बाहुल्या व्हायच्या, पण डोळा निघाला म्हणून कधी कोणी परत आलं नव्हतं.

मग कायदा आला. लहान मुलांची वस्तू विकायची तर आधी तपासून आणा, दाखला लावा, नाहीतर दुकान उचला. कायदा वाईट नव्हता हो. पोरं हाताला लागेल ते तोंडात घालतात. पण तपासणीची फी सगळ्यांना सारखी. कारखानदार एक बाहुली तपासून घेतो आणि तशाच लाखभर विकतो. ताईच्या वर्षभराच्या बाहुल्या सातशेसुद्धा होत नाहीत, तरी फी तेवढीच. "हत्तीला आणि मुंगीला एकच माप!" ताईची जाऊ म्हणाली. तिची जीभ सुईपेक्षा तिखट.

ताईने उसनंपासनं करून फी भरली आणि नमुना म्हणून मला तपासणीच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे पांढऱ्या कोटातल्या माणसाने माझा डोळा चिमट्यात धरला आणि त्याला वजन टांगलं. मग एक पाय कापून आतला कापूस चिवडला, थोडा जाळूनही पाहिला. दुखलं का, असं विचारायची कोणाला गरज वाटली नाही. डोळा मात्र जागचा हलला नाही. मी पास! ताईने पाय परत शिवला, दाखला माझ्या गळ्यात अडकवला आणि मला सगळ्यांच्या पुढे टांगलं. खोटं कशाला बोलू, मीही तोऱ्यात होते.

फी भरून काढायची म्हणून ताईने फोनवर घराघरांतून दोनशे बाहुल्यांची मागणी घेतली. दोन महिन्यांत द्यायच्या. पहिल्याच आठवड्यात तिची बोटं सुजली. बाजार नसला की मी घरातल्या खिळ्यावर असते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

"अगं, चार टाके बास," जाऊ म्हणाली. "कोण मोजायला बसलंय?"

"आणि निघाला एखादा डोळा तर?"

"दाखला आहे ना? मग घाबरतेस कशाला?"

ताईने दोरा ओवला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग चौथ्या टाक्यावर दोरा तोडला. पहिल्या बाहुलीला तिचा हात अडखळला. दहाव्या बाहुलीपर्यंत सवय झाली. माणसांना वाईटाची सवय किती लवकर होते, बाई! दोनशेच्या दोनशे वेळेत पोचल्या आणि ताईचा जीव भांड्यात पडला.

दोन महिन्यांनी नोटीस आली. एका घरात दहा महिन्यांच्या बाळाच्या घशात बाहुलीचा डोळा अडकला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गेलं. ताई ते वाचून रडली, जेवली नाही. आणि मग उठून सुई घेतली. तपासणीचे साहेब यायला चार दिवस होते. त्या चार दिवसांत विकायला ठेवलेल्या एकूण एक बाहुलीला तिने दहा-दहा टाके घातले.

शनिवारी साहेब आले. सोबत बाळाची आई होती, हातात एका डोळ्याची बाहुली घेऊन, आणि मागे तिची सासू.

"तुम्ही मारलंत माझ्या बाळाला!" ती ओरडली. सगळा बाजार गोळा झाला.

साहेबांनी माझा डोळा ओढला. मग इतर पाच-सहा जणींचे ओढले. एकही हलला नाही.

"नेहमी अशाच शिवता?"

ताईने हातातला दोरा गुंडाळायला घेतला. जाऊ पुढे झाली. "दहा टाके साहेब, नियम म्हणजे नियम."

साहेबांनी दाखला पाहिला, आईच्या हातातल्या बाहुलीचा उरलेला डोळा न ओढता नुसता तुटका दोरा पाहिला आणि ते तिच्याकडे वळले. "बाई, दोरा दातांनी कुरतडलेला दिसतोय. लहान लेकरावर लक्ष ठेवायला नको का?"

"हेच मी हिला सांगत होते," सासू म्हणाली. "हिचं कधी लक्षच नसतं!"

त्या पोरगेल्या आईने बाहुली पदराआड घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी पाहिली. आणि फाशीचा दोर मीच होते.

गेल्या शनिवारी ती एकटीच आली. निम्मीही उरलेली नाही.

"ताई, त्या दिवशी चारचौघांत तुम्हाला नको ते बोलले. माझंच लक्ष नव्हतं. माफ करा मला."

"असू दे गं," ताई म्हणाली. "होतं असं."

होतं असं! जीभ कशी झडली नाही तिची?

पोरीने पिशवीतून ती बाहुली काढली. "हिला एवढा डोळा लावून द्याल? त्याची तेवढीच आठवण आहे."

ताईने मान खाली घालून दहा टाके घातले. पोरीने बटण ओढून पाहिलं. "किती पक्कं काम आहे तुमचं," ती म्हणाली आणि बाहुली छातीशी धरून निघून गेली.

बाकीच्या एकशे नव्व्याण्णव जणी अजून कोणाकोणाच्या पाळण्यात आहेत. त्या घरांचे नंबर ताईच्या फोनमध्ये आहेत. ती फोन हातात घेते आणि खाली ठेवते. खरं सांगितलं तर दुकान गेलं.

म्हणून मी बोलतेय. येता-जाता माझे डोळे ओढून काय बघता? ते नाही निघायचे. घरी जा आणि तुमच्या बाळाच्या कुशीत जी आहे, तिचे ओढून बघा. बाळ झोपलं असेल, तरी.