डावीकडचा डाग

"काका, मावशी पाण्यावर उभ्या दिसतात," धनराज कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला. "जरा खाली घेऊ का?"

"खाली घेतल्यावर बुडेल ना ती."

"मग डोंगरावर ठेवतो."

त्याने माझ्या बायकोला उचलून डोंगरावर ठेवलं. ती डोंगराएवढी झाली.

पंचवटीत धनराजचा फोटो स्टुडिओ आहे. रविवारी नवसाबाईचं वर्षश्राद्ध होतं आणि भिंतीवर लावायला तिचा धड फोटो नव्हता. एक आधार कार्डावरचा, त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. दुसरा आमच्या सायलीच्या लग्नातला, त्यात ती जिलबी खाते आहे. धनराजने जिलबी पुसली, पण तोंड उघडंच राहिलं. मागे त्याने बर्फाचे डोंगर, निळं तळं आणि बदकं लावली होती.

"हे कुठलं तळं?"

"स्वित्झर्लंड. सगळे हेच घेतात. परवा हरसूलच्या एका आजोबांना इथेच बसवलं."

"तिच्याकडे पासपोर्ट नव्हता," मी म्हणालो. "मी आपल्या धरणाचा फोटो काढून आणतो."

पालिकेच्या पाणीपुरवठ्यात मी तेहतीस वर्षं पंप चालवला. गंगापूर धरणाचं पाणी जन्मभर पाइपातच राहिलं, मी बाहेर. निवृत्त झालो तेव्हा सायली आणि जावई शेखर यांनी कॅमेरा दिला. मग मी बॅकवॉटरला, धरणामागच्या तळ्यावर, जाऊन तेच पाणी उघड्यावर बघायला लागलो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावर धुकं असतं, उन्हं आली की ते हळूहळू उठतं. ते पाहायला आम्ही तीन हिवाळे स्कूटरवर गेलो. मागे नवसाबाई. डोक्याला कानटोपी, अंगात माझा जुना स्वेटर, मांडीवर चहाचा थर्मास. तळं तिला आवडायचं नाही, आणि घरी एकटीला करमायचं नाही.

"रोज तेच पाणी," ती म्हणायची. "काल काय कमी होतं त्यात?"

"उजेड वेगळा असतो."

"मंग उजेडाचा काढा. पाणी कुठं पळून चाललंय?"

मी कॅमेरा लावला की ती नेमकी समोर यायची.

"सरक," मी म्हणायचो. "अजून. अजून जरा."

ती डावीकडे सरकायची आणि तिथे उभी राहून पुंजाशी बोलायची. पुंजा तिथे मासे धरतो. त्याची होडी लांब असायची, त्यामुळे बोलणं म्हणजे ओरडणंच. विषय एकच, रुसून माहेरी गेलेली त्याची सून.

"आरं पुंजा, तूच जा आणायला! मासे दोन दिस थांबत्यात, सून नाय थांबत!"

मी श्वास धरून बटण दाबायचो. तीन हिवाळ्यांत मी पाण्याचे चार हजार फोटो काढले. नवसाबाईचा एकही नाही. हे मला वर्षश्राद्धाच्या आठवड्यात कळलं.

त्या फोटोंत एक दोष होता. डाव्या कडेला पांढरट डाग यायचा. शहरातल्या एका फोटो क्लबच्या स्पर्धेला मी धनराजकडून छापून घेऊन फोटो पाठवला, तो शेरा मारून परत आला: 'डाव्या कोपऱ्यात धूसर डाग. लेन्स पुसावी.' मी पुसली. आधी चष्म्याच्या फडक्याने, मग लेन्सच्या खास फडक्याने. मग हवा मारायचा रबरी फुगा आणला. डाग हलला नाही. शेवटी मी बायकोवर संशय घेतला.

"पिठाच्या हाताने कॅमेऱ्याला हात लावलास का?"

"तुमच्या कॅमेऱ्याला मी चिमट्यानंसुद्धा हात लावत नाय," ती म्हणाली आणि दोन दिवस चहा न बोलता दिला. तळ्यावर पुंजालाही हाक मारली नाही. ते दोन दिवस फोटो स्वच्छ आले. माझ्या डोक्यात तरीही प्रकाश पडला नाही.

गुरुवारी पहाटे, वर्षभरानंतर, मी बिनडागाचा फोटो काढायला तळ्यावर गेलो. सायली बरोबर आली. पुंजा होता. त्याने हात केला, माझ्या डावीकडे पाहिलं आणि होडी काठाला आणली.

"सून आली परत," तो म्हणाला. "बाईंना सांगायचं राह्यलं."

मी कॅमेरा लावला. सायली समोर उभी होती.

"सरक," मी म्हणालो.

"बाबा, आईलापण हेच म्हणायचात तुम्ही."

ती मागे स्कूटरपाशी जाऊन मोबाइल बघत बसली. मी अकरा फोटो काढले.

धनराजने ते मोठे करून पाहिले. "वा काका, एकदम क्लीन. लेन्स बदलली का?"

"नाही."

"मग तो डाग कुठे गेला?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. डाव्या कडेला नुसतं पाणी होतं.

"मागच्या डिसेंबरचे लाव," मी म्हणालो. "एकामागोमाग एक."

त्याने लावले. डाग एका फोटोत लहान होता, पुढच्यात मोठा, त्याच्या पुढच्यात नाही, मग पुन्हा. प्रत्येक वेळी माणसाच्या तोंडाच्या उंचीला. एकात तर पार फोटोच्या मध्यापर्यंत आला होता. पुंजाने काहीतरी उलट उत्तर दिलं असणार. थंडीत बोलताना तोंडातून वाफ निघते. पंपावर तेहतीस हिवाळे काढलेल्या माणसाला हे कळायला हरकत नव्हती.

"मावशींना कुठे बसवू?" धनराजने विचारलं.

"बसवू नकोस. हाच मोठा काढ."

"याच्यावर डाग आहे काका. एक मिनिट, पुसून देतो."

"पुसलास तर बघ," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण त्याने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

रविवारी गुरुजींनी आधार कार्डावरचा फोटो पाटावर ठेवून विधी उरकला. मोठी फ्रेम मी भिंतीवर लावली. माझी थोरली बहीण बयाबाई येवल्याहून आली होती. आम्ही तिला आक्का म्हणतो. ती फ्रेमसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आरं, बाई कुठंय याच्यात?"

"डावीकडं."

"तिथं तर धुकं हे."

"बोलतीय ती."

आक्काने चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"कोनाशी?"

"पुंजाशी. त्याच्या सुनेबद्दल."

"मंग बरोबर हे," आक्का म्हणाली. "लय वेळ चालंल."

शेखरने फ्रेमला झेंडूचा हार घातला. हार चांगला जाड होता. दोन्हीकडून खाली आला आणि त्याने डावी कड पूर्ण झाकली. मी स्टूल ओढलं, वर चढलो आणि हार उजवीकडे सरकवला.

"अजून," खालून आक्का म्हणाली. "अजून जरा."