लोहचुंबक दाराबाहेर

आमच्या अप्पांचं एक ठरलेलं वाक्य आहे. सुई मोडली, दोरा अडकला, अगदी लाइट गेली तरी तेच: "बाईमाणसाचा हात लागला, आणखी काय होणार!" चामराजपुरमात त्यांचं शिलाईचं दुकान आहे, वेंकोबा टेलर्स. मी त्यांची मुलगी तुंगा, दुकानामागच्या खोलीत एम्ब्रॉयडरीची मशीन चालवते. लग्न केलं नाही. म्हणजे झालं नाही. म्हणजे अप्पांनी बघितलंच नाही. मी गेले असते तर मशीन कोण चालवणार होतं, त्यांचा मुलगा संकर्षण? तो इंजिनिअर होऊन बेंगळूरला बसला आहे, त्याला सुईत दोरा ओवता येत नाही.

मशीन जुनी. डिझाइन घेते ती फक्त फ्लॉपीवरून, पेनड्राइव्ह लावायला तिला भोकच नाही. डिझाइन मी काढते कम्प्यूटरवर, तोही तसलाच म्हातारा. त्यावर कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचं जुनं लिनक्स घातलंय. मागे एकदा त्याची हार्ड डिस्क बसली आणि माझं सगळं काम बुडालं. तेव्हापासून माझा तिच्यावर विश्वास नाही, डिझाइन झालं की फ्लॉपीवर. शाळांचे बॅज, लग्नाच्या ब्लाउजांचे मोर, विठोबाच्या शेल्याची किनार, सगळं एका प्लास्टिकच्या डब्यात. उभं आयुष्य घालवून माझ्याजवळ काय आहे म्हणाल, तर तो डबा.

टेलर लोकांकडे खाली सांडलेल्या टाचण्या गोळा करायला लोहचुंबक असतं. आमचं जुन्या स्पीकरमधलं, बशीएवढं. ते फ्लॉपीवरून फिरलं की फ्लॉपी कोरी. म्हणून माझ्या खोलीला एकच नियम, लोहचुंबक दाराबाहेर. अप्पा नाक मुरडायचे, पण बाहेरच्या खिळ्याला टांगून मगच आत यायचे. जन्मात त्यांनी माझं ऐकलेलं तेवढंच.

या उन्हाळ्यात कम्प्यूटरचा फ्लॉपी ड्राइव्ह मेला. हूटगळ्ळीच्या एका भंगारवाल्याकडून दुसरा मिळवला, बसवला, जुनी फ्लॉपी घातली. घर्र घर्र करून लिनक्स म्हणतं, इनपुट-आउटपुट एरर, म्हणजे वाचता येत नाही. दुसरी घातली, तेच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अप्पा दारात उभे राहून त्यांचं वाक्य बोलले आणि वर म्हणाले, "तुंगे, भंगारात घालूया ही. तुझ्याच्यानं होत नाही."

"होतं," मी म्हटलं.

"मग करून दाखव. चालू कर, मशीन तुझ्या नावावर लिहून देतो. आयतु?"

आयतु म्हणजे ठरलं. अप्पा ठरलं म्हणाले की मागे येत नाहीत, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. मशीन माझी झाली असती तर मी कुणाची आश्रित राहिले नसते. मी जीव खाऊन लागले.

केबल बदलली. हेड स्पिरिटनं पुसलं. लिनक्सला खोदून खोदून विचारलं, ड्राइव्ह दिसतो का? दिसतो. फिरतो का? फिरतो. कोरी फ्लॉपी फॉरमॅट करून त्यावर लिहिलं, तर त्यानं स्वतःचं लिहिलेलं झकास वाचलं. तीच फ्लॉपी मशीनला दिली, तर मशीन नाही म्हणाली. आणि मशीन जुन्या फ्लॉप्या मात्र आनंदानं वाचत होती! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. बिघाड कशातच नव्हता. मशीनमधला ड्राइव्ह मुळात जरा वाकडा, त्याचं वाचायचं हेड केसभर बाजूला, आणि मेलेला ड्राइव्हही तिच्या हिशोबानं वाकडा करून दिलेला. दोघं वाकडे म्हणून संसार चालला होता. हा नवा सरळ आला आणि सगळं बिनसलं.

मग सरळाला वाकडं करणं आलं. ड्राइव्ह उघडला, आतल्या मोटरचा स्क्रू ढिला केला, केसभर सरकवायचं, जुनी फ्लॉपी घालायची, बघायचं. पुन्हा केसभर. डोळे गेले माझे. शेवटी एका दुपारी पडद्यावर फायलींची नावं धडाधड उतरली आणि मी एकटीच खुर्चीवर बसून रडले. स्क्रू हलू नये म्हणून त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि अप्पांना हाक मारली.

अप्पांनी नव्या फ्लॉपीवरचा मोर मशीनवर उमटताना बघितला. म्हणाले, "बरं झालं. उद्या कडकोळचे शेषगिरी येतायत."

"कोण शेषगिरी?"

"कारखानदार. मशीन बघायला. बंद मशीनला कोण विचारतो? चालूला भाव येतो. संकर्षणला घर घ्यायचंय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अप्पा, माझ्या नावावर करणार होता ना?"

"सुम्ने बस गं," अप्पा म्हणाले, म्हणजे उगीच बडबडू नको. "तुझं पण बघितलंय. शेषगिरींकडे ही चालवणारं माणूस नाही. मी सांगितलं, मशीनबरोबर मुलगी पण येईल."

मशीनबरोबर मुलगी पण! साडीवर ब्लाउज पीस फुकट, तसं. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. सकाळी शेषगिरी यायच्या आधी नखानं नेलपॉलिश खरवडलं, मोटरच्या जागेवर सुईनं खूण केली, स्क्रू ढिला केला आणि ती केसभर सरकवली.

शेषगिरींनी कारखान्याचं चिन्ह आणलं होतं, ते मशीनवर काढून हवं होतं. मी फ्लॉपी फॉरमॅट केली, चिन्ह त्यावर घातलं. कम्प्यूटर म्हणाला, झालं. मशीन म्हणाली, डिस्क वाचता येत नाही. दुसरी घातली, नाही. अप्पांना घाम फुटला. म्हणाले, "काल मोर काढला ना हो हिनं!"

"जुने मोर घेऊन मी काय करू?" शेषगिरी उठलेच. "मला माझं नवं काम हवं." आणि कॉफीसुद्धा न घेता गेले.

मी अप्पांकडे वळून म्हटलं, "बाईमाणसाचा हात लागला." फार गोड वाटलं मला ते म्हणताना. खोटं कशाला बोलू?

अप्पा शेषगिरींना गाठायला रस्त्यावर धावले. मी घाईघाईनं मोटर खुणेवर आणली, स्क्रू आवळला, जुनी फ्लॉपी घालून बघितली, नावं उतरली. नेलपॉलिशचा ठिपका देत होते आणि अप्पा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या हातातली बाटली बघितली. टेबलावरचे लाल कपचे बघितले. जन्मभर सुईच्या टोकाकडे बघितलेला माणूस तो, त्यांना सांगावं लागत नाही.

ते बाहेर गेले. खिळ्यावरचं लोहचुंबक घेऊन आत आले.

"अप्पा," मी म्हटलं, "नको."

त्यांनी डब्याचं झाकण काढलं. फ्लॉप्या पत्त्यांसारख्या टेबलावर पसरल्या आणि कापडावर खडू फिरवावा तसं लोहचुंबक सावकाश फिरवलं. इकडून तिकडे, मग तिकडून इकडे. एकेक मोर, एकेक किनार गेली. मी हात धरला असता. पण सगळ्यात शेवटी एक फ्लॉपी राहिली होती, चिठ्ठी नसलेली. माझी पहिली. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरमागे जे लेबल लागतं ना, 'वेंकोबा टेलर्स', ते लहरदार अक्षर मी त्यांच्या सहीवरून काढलेलं. ते दुसरीकडे कुठेही नव्हतं, आणि या फ्लॉपीत ते आहे हे अप्पांना ठाऊक नव्हतं. चार लोकांत कॉलर उलटून ते नाव दाखवणं हा अप्पांचा एकच शौक. सहीचा कागद कधीच गेला, आणि आता अप्पांचा हात इतका थरथरतो की त्यांना तशी सही येत नाही.

लोहचुंबक तिच्यावर आलं. मी एक शब्द बोलले असते तर थांबले असते ते.

"बोल की आता," अप्पा म्हणाले.

मी नेलपॉलिशच्या बाटलीचं झाकण लावत बसले.