दाढीखालची दाढी

त्या काळच्या हिंदी सिनेमात गालावर एक तीळ चिकटवला की सख्खी आई पोटच्या पोराला ओळखत नसे. पोलीस ओळखत नसत, प्रेयसी ओळखत नसे. थिएटरातलं पब्लिक मात्र पहिल्या झटक्यात ओळखून शिट्ट्या मारी. चंद्रप्रकाशने या असल्या गोष्टींवरच धंदा उभा केला होता. अंधेरीला, चकाल्याच्या आतल्या बाजूला, एका जुन्या गोठ्यात त्याचा स्टुडिओ होता. मुंबईत नुकत्याच आलेल्या टीव्हीसाठी तो तिथे दहा-दहा मिनिटांची विनोदी कार्टून बनवी. मालिकेचं नाव 'गुप्तहेर गडबडे'. दर भागात गाजणाऱ्या सिनेमांची यथेच्छ खिल्ली उडवलेली असे. जत्रेत हरवलेले भाऊ एकाच खोलीत भाड्याने राहत आणि एकमेकांचं लॉकेट बघायला विसरत. खलनायकाच्या पांढऱ्या बुटांवर गुहेतला चिखल उडाला की तो ढसाढसा रडे. नायक-नायिका झाडाभोवती गाणं म्हणत, आणि दुसऱ्या कडव्याला झाडच कंटाळून निघून जाई.

ही झाडाची कल्पना सहदेवची. सहदेव घाटकोपरच्या भटवाडीतल्या चाळीत वाढलेला, गिरणीत राबलेल्या धाकूचा एकुलता एक मुलगा. त्याचा हात चांगला चाले आणि डोकंही चाले, पण काही वेळा हात डोक्याच्या पुढे धावे. यावेळी नेमकं तेच झालं.

नवीन भागासाठी चंद्रप्रकाशला एक वेषांतर हवं होतं. "तीळ झाला, चष्मा झाला, मौलवी झाला, सरदारजी झाला. काही तरी हटके सांग यार," तो म्हणाला. सहदेवच्या तोंडून निघून गेलं, "काळोबा!"

काळोबा म्हणजे सहदेवच्या गावचं शिमग्यातलं सोंग. पायघोळ काळा झगा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, सुतळीची पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. खेळे, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारी मंडळी, घराघरापुढे नाचत तेव्हा काळोबा सगळ्यांची टवाळी करी. सावकाराची चाल, मास्तरांचं कुबड, मुंबईहून आलेल्यांचा भाव खाणं, काहीही सोडत नसे. सहदेवने लहानपणी हे दोन-तीनदा पाहिलेलं. चंद्रप्रकाशने चित्र पाहिलं आणि टेबलावर थाप मारली. झकास! चोर काळोबा बनून गावात लपेल, गडबडे सगळ्यांवर संशय घेईल, आणि शेवटी सिनेमातल्यासारखी नायिका त्याची दाढी ओढेल. खाली निघेल एक साधा, भेदरलेला माणूस.

"हीरोचा चेहरा नको हां," चंद्रप्रकाश म्हणाला. "आपल्यातला वाटला पाहिजे. बघितला की हसायला पण यावं आणि दया पण."

सहदेवने तो चेहरा एका बैठकीत काढला. आत गेलेली गालफडं, मोठे कान, झुपकेदार मिशी, आणि पकडला गेलेला माणूस बघतो तसं खालून वर बघणं. हातासरशी जमला. नंदाने, म्हणजे स्टुडिओत रंग भरणाऱ्या मुलीने, पारदर्शक प्लास्टिकच्या कागदांवर, ज्यांना स्टुडिओत सेल म्हणत, त्याच्या रेघा उतरवल्या, मागून रंग भरले. कॅमेऱ्याखाली एकेक सेल ठेवून शूटिंगही उरकलं.

मग सहदेवने घरी सांगितलं, की येत्या रविवारी टीव्हीवर काळोबा दिसणार.

धाकू जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. "आपला काळोबा?" त्याने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "आन् शेवटाला काय हाय?"

"बघाल की," सहदेव म्हणाला.

धाकूने घास तोंडात घातला. संध्याकाळपर्यंत गोष्ट साऱ्या चाळीत पसरली, कारण चाळीत निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं गावचीच होती. टीव्ही एकट्या गुणाजीकडे. गुणाजी गावच्या मुंबई मंडळाचा कारभारी, आणि खेळ्यांतला कुठला मान कुठल्या घराकडे यात काही वाद निघाला की सगळे त्याच्याकडे धावत. तो मुद्दाम येऊन उंबऱ्यात उभा राहिला.

"नाचव, हसव, काय ते कर," तो सहदेवला म्हणाला. "फक्त दाढीला हात लावू नको. तुला म्हायती हाय ना?"

सहदेवने मान हलवली. माहीत कसलं, लहानपणी पाहिलेल्या नाचापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं. गुणाजीने बिनविचारता सगळं उकलून सांगितलं. सोंग चढतं ते देवळात, गाऱ्हाणं घालून, आणि उतरतं तेही देवळातच, दार लावून. मधल्या काळात त्या माणसाला नाव नसतं. त्याची बायकोसुद्धा त्याला काळोबाच म्हणते. पुढे वर्षभर कुणी म्हणत नाही, की अमका छान नाचला. काळोबा छान नाचला, एवढंच. मागे एका घरातल्या माणसाची दाढी अंगणात सुटली, चार लोकांना तोंड दिसलं, आणि त्या घराचा काळोबा व्हायचा मान गेला तो गेलाच. "तेव्हापासून तो तुमच्या घराकडे हाय," गुणाजी म्हणाला आणि धाकूकडे पाहिलं.

धाकू खाली बघत होता. आत गेलेली गालफडं. मोठे कान. झुपकेदार मिशी.

 एका बैठकीत हातासरशी उतरलेला तो चेहरा कुणाचा होता, हे सहदेवला आत्ता, गुणाजीसमोर उभं राहून कळत होतं. इतकी वर्षं शिमग्याला रजा टाकून गावी जाणारा, पायांना गोळे आले तरी नाचणारा त्याचा बाप. रविवारी सगळ्या गावकीसमोर एक कार्टूनमधली पोरगी त्या बापाची दाढी ओढणार होती, आणि ती ओढायला लावणारा त्याचाच मुलगा होता. बापाचं जन्मभराचं एकुलतं एक भूषण आपण टीव्हीवर ओरबाडून काढणार, या विचाराने त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत शिरल्या शिरल्या त्याने चंद्रप्रकाशचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

"सगळा शूट झाला आणि आता शेवट बदलू? डोकं फिरलं काय तुझं?" चंद्रप्रकाश उखडला. "अरे, त्या चेहऱ्यावर तर सगळा खेळ आहे! इतका भारी चेहरा तू आजवर काढला नाहीस."

"म्हणूनच नको, साहेब. माझी वाट लागेल. बापाची लागेल."

चंद्रप्रकाश माणूस वाईट नव्हता, फक्त विनोदापुढे त्याला कुणाचा बाप दिसत नसे. शेवटी म्हणाला, शनिवारी दुपारी रीळ जाणार. त्याआधी याच्याहून जास्त हसवणारा शेवट आणून दाखव. मग बघतो.

सहदेव कागदावर कागद फाडत बसला. दाढी ओढायची नाही असं केलं तर गोष्टच संपत नव्हती. ओढली तर खाली कुणीतरी हवाच. हीरो हवा, नाही तर चोर हवा, नाही तर माकड. प्रत्येक वेळी तोंड दिसतच होतं. नंदा शेजारी ब्रश धूत बसली होती. तिला त्याची दया आली की कंटाळा आला कोण जाणे, ती म्हणाली, "खाली अजून एक दाढीच काढ ना रे."

सहदेव तिच्याकडे बघतच राहिला. दाढीखाली दाढी! ती ओढली की तिच्याखाली आणखी एक. नायिका ओढते आहे, गडबडे ओढतो आहे, पोलीस रांग लावून ओढताहेत, दाढ्यांचा ढीग कमरेपर्यंत आला आहे, आणि तोंड काही दिसत नाही. ढिगातून काळोबा घुंगरं वाजवत निसटून जातो. सिनेमातल्या यच्चयावत वेषांतरांच्या तोंडात मारल्यासारखं.

पण कोरे सेल शिल्लक नव्हते. स्टुडिओत नेहमीच अशी ओढाताण असे, वापरलेले सेल धुऊन पुन्हा घेत. नंदाने त्या चेहऱ्याचे सेल बादलीत बुडवले आणि फडक्याने पुसायला घेतले. आधी मागचा रंग सुटला, मग मिशी, मग कान. सहदेवने पाहिलं नाही. त्याला त्या क्षणी सुटल्यासारखंच वाटलं.

शनिवारी चंद्रप्रकाशने नवा तुकडा पाहिला. हसला, नाही असं नाही. पण लगेच म्हणाला, "जुना जास्त लागतो यार. आत कुठेतरी लागतो." दोन्ही तुकडे त्याच्या हातात होते. जोडायचं काम तो स्वतःच करी, कुणाला जवळ फिरकू देत नसे, आणि नको असलेला तुकडा तिथल्या तिथे जाळून टाकी. "बघतो," एवढंच म्हणून त्याने खोलीचं दार लावलं. त्या 'बघतो'ने सहदेवची शनिवारची आणि रविवारची दोन्ही जेवणं वाया घालवली.

रविवारी संध्याकाळी गुणाजीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. टीव्ही खिडकीकडे वळवून ठेवलेला, गॅलरीतही माणसं उभी. धाकूला पुढे पाटावर बसवलं होतं. त्याने धुतलेला सदरा घातला होता, आणि तो पाहून सहदेवला भडभडून आलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. वेळ आली तर पळता यावं, असाही एक नालायक विचार त्याच्या मनात होता.

गडबडे आला, लोक हसले. झाड कंटाळून निघून गेलं, लोक हसले. काळोबा आला, आणि खोलीत एकदम आनंदाचा ओरडा उठला. चाल बरोबर, गिरकी बरोबर. काळोबाने खलनायकाच्या पांढऱ्या बुटांची अशी नक्कल केली की गॅलरीतल्या बायका भिंतीला टेकल्या. सहदेव पडद्याकडे बघतच नव्हता, बापाच्या मानेकडे बघत होता. मान ताठ होती. धाकू हसत नव्हता, पुढे झुकून कशाची तरी वाट बघत होता.

नायिका पुढे आली. तिने दाढीला हात घातला. गुणाजीच्या तोंडून "ए, ए!" निघालं आणि खोली चिडीचूप झाली. सहदेवने डोळे मिटून घेतले.

मग हशा फुटला. त्याने डोळे उघडले, तर पडद्यावर दुसरी दाढी होती. मग तिसरी. पोलीस आले, ढीग वाढत गेला, आणि घुंगरं वाजवत काळोबा पसार झाला. गुणाजी मांडी बडवत उठला आणि त्याने सहदेवला मिठीच मारली. "राखलंस रे! गावाचं राखलंस!"

या गलक्यात धाकू पाटावरून उठला आणि माणसांतून वाट काढत गॅलरीच्या टोकाला गेला. सहदेवही त्याच्या मागोमाग गेला. 

"बाबा, काय चुकलं का?"

धाकूने कठड्यावर हात ठेवले. "तोंड नाय दिसलं," तो म्हणाला.

"नाही दिसू दिलं. मुद्दाम बदललं मी. तुमचा मान गेला असता."

"माझा कसा जायल? पेटीतल्या पोरीनं वढली असती, मी थोडीच सोडली असती?" धाकूने खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग हळू बोलू लागला, जणू कुणी ऐकेल. "इतकी वर्सं नाचलो. पाय माझे गेले, वाहवा काळोबाची झाली. रिवाज हाय, त्याबद्दल काय नाय. मी कदी मोडला नाय, मोडणार पन नाय. पन तू म्हनलास टीव्हीवर काळोबा, तवापासून मनात येत व्हतं, हा माझा पोरगा हाय, हा काय तरी करील. दाढी निघल, आन् सगळी एकदा तरी म्हनतील, अरे, हा तर धाकू."

 सहदेवने सांगून टाकलं, "बाबा, आधी खाली तुमचंच तोंड काढलं होतं."

धाकू वळला. "माझं?"

"तुमचंच."

"मिशीसकट?"

"मिशीसकट."

धाकूचा हात आपोआप मिशीकडे गेला. तो एवढा खूश झाला की सहदेवला त्याच्याकडे बघवेना. "मंग कुठं हाय ते? आनून दाखव की."

"धुतलं, बाबा. त्याच्यावरच दाढ्या काढल्या."

धाकूने काही क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली, दुकानात हवी ती वस्तू संपली म्हटल्यावर डोलावतात तशी. तेवढ्यात खोलीतून गुणाजीची हाक आली, "धाकू, चहा निवतोय! काय नाचला रे आपला काळोबा!"

"नाचला ना," धाकू मोठ्याने म्हणाला. "काळोबा झ्याक नाचला." आणि तो चहा प्यायला आत गेला.