मी दाखवलेली गुलाबी बोटं

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल. काचेला तडा गेलाय, बॅटरीत दम उरलेला नाही. पण नवा होतो तेव्हा घरात माझा तोरा काय वर्णावा! मी काढलेला फोटो सगळ्यांत सुंदर, असं जो तो म्हणे.

मग साथ आली. रस्ते ओस पडले. नुसती दाराची कडी वाजली तरी घरातले तोंडाला फडकं बांधायचे. आजोबांना दमा, त्यामुळे बाहेर पाऊल टाकायला सगळेच घाबरत. घरातल्या छोट्या चिमीची आई रोज माझ्यावरून व्हिडिओ कॉल करून आपल्या आईला तोंड दाखवायची. काळजीने उतरलेला चेहरा म्हातारीला दिसू नये, म्हणून तिने माझ्यातली चेहरा खुलवणारी फिल्टरची सोय चालूच ठेवली होती. मीही खुशीत सगळ्यांना लाली चढवत होतो.

तशात चिमी स्टुलावरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बजावलं, "आता इकडे गर्दीत येऊ नका. मी फोनवरच बघेन."

दुसऱ्या दिवशी चिमी कळवळायला लागली. आईने डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावून मला तिच्या हातासमोर धरलं, आणि मला धडकीच भरली. प्लास्टरबाहेरची बोटं सुजून निळी पडली होती, आणि मी ती डॉक्टरांना गुलाबी दाखवत होतो!

"रंग छान आहे. हात उंच ठेवा, सूज उतरेल," डॉक्टर म्हणाले.

मला ओरडावंसं वाटत होतं. पण माझ्यातून दुसऱ्यांचेच आवाज निघतात, मला स्वतःचा आवाज कुठला?

"बघ, उगाच बाऊ करत होतीस," आई म्हणाली. तिचं बोट फोन बंद करायला पुढे आलं. आता संपलंच सगळं, असं मला वाटलं.

"आई, बोटं माझी वाटतच नाहीत गं!" चिमी हुंदके देत म्हणाली.

"थांबा, थांबा!" डॉक्टर म्हणाले. "ताई, मी पांढरं प्लास्टर घातलं होतं. ते मला गुलाबी का दिसतंय?"

आईला फिल्टर आठवला. घाईघाईने तिने ती सोय बंद केली. पलीकडे डॉक्टरांचा चेहराच बदलला.

"असेच निघा! प्लास्टर आवळतंय. उशीर झाला तर हात कामातून जाईल."

आई आजोबांकडे बघत राहिली. त्यांनीच दार उघडलं. "माझं राहू दे. आधी पोरीचा हात वाचव."

हॉस्पिटलमध्ये प्लास्टर कापेपर्यंत मी आईच्या घामेजल्या मुठीत होतो. चिमीचा हात वाचला. माझी भीती मात्र अजून गेलेली नाही.

मित्रांनो, मला डॉक्टरांसमोर धराल तेव्हा काच पुसा, उजेडात बसा, आणि दुखणं आहे तसंच दाखवू द्या. त्या दिवशी मी चिमीची बोटं फार सुंदर दाखवली होती.